कपबशी आणि बावखल
(माहितीपटाचं निवेदन, अंतिम संकलनानुसार)

(दृश्य: अंधार. बॅटरीच्या उजेडात चाफ्याचं झाड. आवाज फक्त फांदी वाकल्याचा.)

पहाटेचे पावणेचार. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली एक वाडी. सोनचाफा उजाडायच्या आत खुडावा लागतो. ऊन लागलं की पाकळी उलते आणि दादरच्या फुलबाजारात भाव उतरतो. डोक्याला बॅटरी बांधून ज्या फुलं खुडताहेत, त्या या प्रभागातल्या अपक्ष उमेदवार. गाव त्यांना मावशी म्हणतं, म्हणून आम्हीही मावशीच म्हणणार.

थंडीत चाफा हात आखडता घेतो. आज दोन शेकडे भरतानाही मारामार. फुलं जोडीनं मोजतात. दोन-दोन उचलायची, पन्नास वेळा. शेकडा झाला की ओलं फडकं, वर केळीचं पान. साडेचारला मुलगा टोपली घेऊन स्टेशनला निघतो. एरवी मावशी स्वतः जातात. आज नाही. आज 5 जानेवारी 2026. मतदानाला दहा दिवस उरलेत.

(दृश्य: उजाडतंय. ड्रोन: नारळ, ताड, केळी, मधे हिरवट पाण्याचे तुकडे. कॅमेरा वळतो, मागे इमारतींची रांग.)

वर जाऊन पाहिल्याशिवाय वसई कळत नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव, गिरिज... किनाऱ्यालगतची ही गावं शेकडो वर्षं मुंबईला केळी, भाजी, विड्याची पानं आणि फुलं पुरवत आलीत. आणि रेल्वेच्या बाजूनं सरकत येणारं ते पांढरं-करडं दिसतंय, ते शहर. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या होती 12,22,390. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. इमारती मात्र थांबलेल्या नाहीत.

आता ते पाण्याचे तुकडे. त्यांना इथे बावखल म्हणतात.

(दृश्य: बावखलाच्या काठावर. उंबराची फांदी पाण्यावर. खंड्या. दहा सेकंद निवेदन नाही.)

बावखल म्हणजे तळं नव्हे आणि विहीरही नव्हे. पूर्वजांनी वाडीच्या सखल भागात खणून ठेवलेला, पायऱ्या नसलेला, कडेनं झाडं राखलेला खड्डा. पावसाळ्यात वाडीतलं जादा पाणी यात उतरतं. घरात शिरत नाही. मग सात-आठ महिने ते हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना पोचतं. पूर्वी यावर रहाट फिरायचे, शिंपणं व्हायचं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पोरं मरळ धरायची.

पण बावखलाचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि जमिनीखाली तो त्याहूनही जवळ आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. वरून पाणी मुरत राहिलं तर तो थर खाऱ्याला दाबून धरतो. मुरणं थांबलं आणि वरून पंप लावून उपसा सुरू झाला की खारं पाणी वर सरकतं. एकदा विहीर खारी झाली की पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, कुणी सांगू शकत नाही.

(दृश्य: मावशी विहिरीतून पोहरा काढतात, ओंजळीत पाणी घेऊन चाखतात. थुंकतात. थेट कॅमेऱ्याकडे बघतात.)

ही त्यांची विहीर.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. मोर्चा. व्यासपीठावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो.)

वसईत या प्रश्नावर लोक पहिल्यांदा रस्त्यावर आले ते 1980 च्या दशकाच्या शेवटी. नव्या इमारतींना पाणी नव्हतं. गावांतल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरभरून जाऊ लागले. हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट मोकळी होत होती आणि 1990 मध्ये नियोजनाचं काम सिडको या सरकारी नगरनियोजन संस्थेकडे गेलं. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. चर्चमधून निघालेला माणूस आणि देवळातून निघालेला माणूस एकाच मोर्चात चालला. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद फादरांकडे आलं, तेव्हा महाराष्ट्रानं त्यांना लेखक म्हणून ओळखलं. वसईनं त्यांना आधी टँकरच्या आडवं उभं राहिलेलं पाहिलं होतं. 25 जुलै 2024 रोजी ते गेले.

मोर्चे झाले, निवेदनं दिली, हरकती नोंदवल्या. 2007 मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, 2001 ते 2021 या काळासाठीचा. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 50 हून अधिक गावं एकत्र करून महापालिका झाली. गावं म्हणाली, आम्हाला वगळा. त्याच वर्षी या आंदोलनाच्या पाठिंब्यावर विवेक पंडित अपक्ष आमदार झाले. 2010 ची पालिकेची पहिली निवडणूक आली, तेव्हा गावांपुढे पेच होता. जी पालिका नकोच, तिच्यासाठी उभं राहायचं कसं? शेवटी राहिले. काही नगरसेवक निवडून आले, बहुमत मात्र बहुजन विकास आघाडी या स्थानिक पक्षाचं झालं. 2011 मध्ये सरकारनं 29 गावं वगळायचा निर्णय घेतला, तो कोर्टात अडकला. गावं आजही पालिकेतच आहेत.

(दृश्य: मावशींचं कपाट. प्लास्टिकच्या पिशव्यांत कागदांचे गठ्ठे.)

या पिशव्यांत मावशींच्या हरकती आहेत. प्रत्येकीवर पोच म्हणून शिक्का. 2016 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या, त्यांतल्या बारा या घरातून. मावशींनी, दिरांनी, सासूबाईंनीसुद्धा. सासूबाईंचा अंगठा आहे बघा, निळा.

(इथे मावशींचा बाईट: “शिक्के किती झाले ते मोजले एकदा. म्हटलं, हे सगळे शिक्के आपण बाहेरच्या खिडकीवर घेतलेत. आतल्या खोलीत कोण बसतं ते बघूया तरी.”)

आतली खोली म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी नागरिकाला 30 दिवस मिळतात. हरकती ऐकते नियोजन समिती. तिच्यात सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांबरोबर स्थायी समितीचे तीन सदस्य बसतात, म्हणजे नगरसेवक. आराखड्यात कुठलं आरक्षण राहायचं, कुठला नाला कागदावर नाला म्हणून उरायचा, याची शिफारस त्या टेबलावर ठरते. 2021 पर्यंतचा आराखडा संपला. जून 2020 पासून पालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं, साडेपाच वर्षं प्रशासक होता. आता सभागृह येणार होतं आणि नव्या आराखड्यावर जे व्हायचं ते त्याच्याच काळात होणार होतं. मावशी उभ्या राहिल्या त्या एवढ्यासाठी.

(दृश्य: निवडणूक अधिकाऱ्याचं कार्यालय. रांग. फाइल उघडते, बंद होते.)

अर्ज भरायचा म्हणजे प्रतिज्ञापत्र, सूचक, अनुमोदक, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय असल्याचा दाखला, जातीचा असेल तर तो. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांची संख्या. मालमत्ता, दागिने, गुन्हे. रांगेत मावशी फॉर्म उलटसुलट करून बघत होत्या. आम्ही विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, घरामागचं बावखल बुजवलंय का, असा रकाना दिसत नाही.

त्यांचं स्वतःचं उत्तर ‘हो’ असतं. सासऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी निम्मं बावखल भरावानं बुजवलं आणि त्यावर खोल्या काढल्या. मुलांची लग्नं होती. जागा कुठून आणायची? प्रचारात मावशी हे लपवत नाहीत. प्रत्येक सभेत आधी हेच सांगतात.

(दृश्य: बावखलाची अर्धी बाजू पाणी, अर्धी बाजू भिंत. भिंतीवर ओल छातीपर्यंत चढलेली.)

खोल्यांची ही अवस्था दर पावसाळ्यात होते. पाणी आपली जागा विसरत नाही.

(दृश्य: चिन्हवाटप. टेबलावर चित्रांचा तक्ता.)

3 जानेवारीला चिन्हं मिळाली. मावशींच्या पहिल्या दोन पसंत्या दुसऱ्यांना गेल्या आणि वाट्याला आली कपबशी. कार्यकर्ते खट्टू झाले. पण नंतर कळलं, चिन्ह सोयीचं आहे. प्रत्येक घरात ते आधीच असतं.

(दृश्य: वाडीतलं अंगण. चहा. कपबशीचा क्लोज-अप.)

आता गणित. 29 प्रभाग, 115 जागा. जवळपास प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक, अ, ब, क, ड. मतदारानं चार वेळा बटण दाबायचं. पक्षाचा माणूस सांगतो, चारी वेळा एकच चित्र. अपक्षाला समजावत बसावं लागतं, की तिघांना कुणालाही द्या, पण ‘ब’मध्ये कपबशी. एका घरात हे समजवायला सात मिनिटं लागतात. आम्ही घड्याळ लावून बघितलं. प्रभागात सरासरी 42 हजार लोक, तेही जुन्या जनगणनेनं. हातात दहा दिवस. ज्यानं ही पद्धत काढली, त्याला एकट्यादुकट्या माणसाचं सभागृहात येणं फारसं पसंत नसावं.

(दृश्य: कॉम्प्लेक्सचं गेट. वॉचमन वहीत नाव लिहून घेतोय. लिफ्ट. सातवा मजला.)

प्रभागातली निम्म्याहून जास्त मतं अशा इमारतींत आहेत. गावातली पोरं म्हणत होती, तिथे कशाला जाता, ते आपले नव्हेत. मावशी गेल्या.

(दार उघडतं. संवाद मूळ आवाजात.)

“काकी, बावखल वगैरे ठीक आहे. पाणी रोज येईल का ते सांगा. महिन्याला टँकरचेच किती जातात माहीत आहे का?”

“तुमचा टँकर कुठे भरतो, विचारलंय कधी?”

“नाही.”

“माझ्या शेजारच्या विहिरीवर. ती खारी झाली की तो पुढच्या विहिरीवर जाईल. मग त्याच्या पुढच्या. मग तुम्ही आणि मी एकाच रांगेत.”

(दार बंद होत नाही. बाई आतून पाण्याचा ग्लास आणते. मावशी पितात.)

मावशींचा जाहीरनामा एका पानाचा आहे. मुख्य मागणी एकच. गावातलं प्रत्येक बावखल मोजून नव्या आराखड्याच्या नकाशावर आणा. सातबाऱ्यावर त्याची वेगळी नोंद नसते, जमीन खाजगी, हिस्सेदार आठ-दहा. नकाशावर नसलेली गोष्ट रात्रीतून डंपरनं भरली, तर कायद्याच्या दृष्टीनं काही घडलेलंच नसतं. पुढे दोन ओळी: इमारतीला परवानगी देण्याआधी पाणी कुठून देणार ते लिहून दाखवा आणि खाडीकडे जाणारे नाले अडवू नका. बांधकाम बंद करा, असं त्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही मुद्दाम दोनदा वाचलं, कारण विरोधातल्या व्हॉट्सॲप संदेशांत तेच फिरत होतं.

(दृश्य: संग्रहातलं चित्रीकरण, जुलै 2018. पाण्याखालचे रूळ. बोटी.)

नाल्यांचं कशाला, असं कुणी विचारलं की मावशी फक्त 2018 म्हणतात. त्या जुलैत वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होतं. लोकल बंद, वीज बंद, मिठागरात माणसं अडकलेली. नंतर पालिकेनं आयआयटी मुंबई आणि ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं सुचवलेल्या उपायांत एक होता, पावसाचं पाणी धरून ठेवणारे धारण तलाव. इंग्रजी अहवालातली ती कल्पना मावशींच्या सासूबाईंना समजावून सांगितली, तेव्हा त्या हसल्या. बावखलच की, म्हणाल्या.

(दृश्य: 13 जानेवारी, शेवटची फेरी. दोन रिक्षा, एक टेम्पो. समोरून येणारी मोठ्या पक्षाची मिरवणूक, डीजे. रिक्षा कडेला थांबतात. मिरवणूक जाईपर्यंत निवेदन नाही.)

15 जानेवारीला मतदान झालं. मतमोजणीच्या ठिकाणी आम्हाला कॅमेरा नेता आला नाही, त्यामुळे तिथलं काही तुम्हाला दाखवता येत नाही. 16 तारखेला निकाल लागला. मावशी हरल्या. कॉम्प्लेक्समधल्या दोन केंद्रांवर त्यांना गावापेक्षा जास्त मतं होती. गावात यावर बरीच चर्चा झाली, ती चित्रित करू नका म्हणून आम्हाला सांगितलं गेलं.

(दृश्य: पुढची पहाट. बॅटरी. चाफा. दोन-दोन फुलं.)

(दृश्य: रविवार सकाळ. बावखलाच्या काठी पंधरा-वीस माणसं. गाठी मारलेला दोर.)

प्रचारातली पोरं परत आली आहेत. दर मीटरला एक गाठ मारलेला दोर, एक मोबाइल आणि शाळेच्या भूगोलाच्या बाई. प्रारूप आराखडा येईल तेव्हा 30 दिवसांत मोजणी होणार नाही, म्हणून आत्ताच. सातव्या मजल्यावरच्या त्या बाई छत्री घेऊन आल्यात. पाण्यात उतरायला मात्र तयार नाहीत. मावशींचे दीर उतरलेत, दोराचं एक टोक धरून, त्यांच्याच खोल्यांच्या भिंतीशी. लांबी चौतीस. रुंदी कुठपर्यंत धरायची, यावर वाद. मावशी म्हणतात, खोल्यांच्या पलीकडे जो उंबर आहे तिथपर्यंत. मूळ काठ तो. दीर काही बोलत नाहीत. दोर खिडकीतून आत घेतात, स्वयंपाकघरातून पलीकडे काढतात आणि उंबराला बांधतात.

त्या दिवशी नऊ बावखलं मोजून झाली. दहाव्याच्या वेळी आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली.