चिमणरावाच्या टेपा

हा टीव्ही आम्हाला नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात मिळाला, माळ्यावर होता. लाकडी कॅबिनेट, पुढे सरकवायचं शटर, आणि चॅनेलचं हे गोल बटण, ते फिरवलं की कसं खटखट वाजतं बघा. काकांनी मागचं झाकण उघडलंय. ही पिक्चर ट्यूब, अजून शाबूत आहे.

वरळीचं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सगळं ब्लॅक अँड व्हाइट. त्याच दशकाच्या शेवटी शेवटी तिथून 'चिमणराव' ही विनोदी मालिका लागायला लागली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दर आठवड्याला तीच माणसं नवीन भानगडीत सापडतात हा प्रकारच तेव्हा नवा होता, 'हम लोग' ही हिंदी मालिका यायला १९८४ उजाडायचं होतं.

हे सावाना, आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. ही पिवळी पडलेली पानं चिमणराव लिहिणाऱ्या चि. वि. जोशींची. बडोद्याला पाली शिकवणारा, बौद्ध वाङ्मयात बुडालेला हा माणूस, आणि त्याने लिहिलं काय तर एक भित्रा पापभीरू कारकून, त्याची कावेरी, मोरू, मैना, राघू, आणि कुठल्याही संकटात बाह्या सरसावून पुढे येणारा गुंड्याभाऊ. १९४० साली यावर 'लग्न पहावं करून' सिनेमाही आला होता, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोगांचा. म्हणजे लोकांच्या डोक्यात एक चिमणराव आधीच पक्का बसलेला, आणि तिथे प्रभावळकरांना स्वतःचा चिमणराव उभा करायचा होता. त्यांनी तो केला, ही साधी गोष्ट नाही!

तेव्हाचं स्टुडिओतलं काम कसं चालायचं तेही समजून घ्या. सेटवर दोन-तीन कॅमेरे, वर पॅनलवर बसलेला माणूस चालू सीनमध्येच एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाणार, टेप कापून जोडणं कटकटीचं म्हणून लांबच्या लांब सीन सलग करायचे, कोणी अडखळलं की बऱ्याचदा परत पहिल्यापासून. त्यामुळे भरपूर तालमी, नाटकासारख्या, आणि नाटकातून आलेले कलाकार तिथे बरोब्बर चालून गेले. टायमिंग त्यांच्या अंगातच होतं, ते एडिटिंग टेबलवर तयार झालेलं नव्हतं.

आता गच्चीवरून हा पश्चिमेकडचा शॉट. टीव्हीची लहर साधारण सरळ रेषेत जाते आणि इथे मध्ये सह्याद्री आडवा, त्यामुळे आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांनी चिमणराव बघितला तो सुट्टीत मुंबईला मामाकडे नाहीतर आत्याकडे. या आजींचे हात बघा, गुंड्याभाऊ करून दाखवतायत.

मालिका थोडीच वर्षं चालली. टेप महाग, एका टेपवर दुसरा कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा, बरेचसे भाग तसेच गेले.

हे फाळके स्मारक, मागे पांडवलेणी. दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे, त्यांचेही बहुतेक सिनेमे आज उरलेले नाहीत, आणि ते गेले याची हळहळ निदान सगळे करतात. टीव्हीवरच्या विनोदासाठी तेवढंही कोणी करत नाही. चिमणरावाचं जे काही उरलंय ते नीट डिजिटाइज करून सगळ्यांना बघायला मिळालं पाहिजे. आणि नाशिकमध्ये कोणाकडे त्या काळातले सेटवरचे फोटो, स्क्रिप्टची पानं, पेपरातली कात्रणं असतील तर आम्हाला कळवा, आम्ही घरी येऊन स्कॅन करू, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.