दोन ओळी चिंचोक्यांच्या

[दृश्य : सांगलीवाडी, अंगणवाडी. फरशीवर चिंचोके.]

सात चिंचोके. त्यांच्यासमोर आणखी सात, जोडीला जोडी लावून. सेविकाताई साडेचार वर्षांच्या मुलाला विचारतात, "कुठल्या ओळीत जास्त?" तो म्हणतो, "सारखंच." मग त्याच्या डोळ्यांदेखत ताई खालची ओळ लांबवतात. चिंचोका एकही वाढलेला नाही. पुन्हा तोच प्रश्न. बोट कुठं गेलं बघा.

"हितं जास्ती."

ताई त्याला चुकलास म्हणत नाहीत. वही ओढतात, तारीख घालतात, वय घालतात आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात.

[दृश्य : वहीची पानं.]

वजनाच्या नोंदी, आहाराच्या नोंदी कार्यालयासाठी. ही दोनशे पानी वही मात्र कुणी मागितलेली नाही. कडेला हळदीचं बोट उमटलंय, कारण ती भरली जाते रात्री, ओट्याशेजारी. वाचनालयातून बालमानसशास्त्राचं पुस्तक आणायचं, एक प्रकरण वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी ते मुलांमध्ये शोधायचं. बारावी झालेल्या ताईंचा अभ्यास असा सुरू झाला.

चिंचोक्यांचा हा खेळ मुळात स्वित्झर्लंडचे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा. १८९६ साली जन्मलेल्या पियाजेंची डॉक्टरेट होती निसर्गविज्ञानात, गोगलगाईंसारख्या मृदुकाय प्राण्यांवर! पुढे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्या तपासताना त्यांचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती. म्हणजे त्या चुकीमागं विचार होता. मग घरच्या तीन लेकरांच्या बारीकसारीक हालचालीही त्यांनी लिहून काढल्या. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्यावर जातं, लांब ओळ म्हणजे जास्त, असं त्यांचं म्हणणं.

बघणं आणि लिहून ठेवणं. या शास्त्राची सुरुवात इथूनच होते, आणि ती सांगलीवाडीच्या फरशीवरही होऊ शकते, हे आम्हाला ठासून सांगायचंय.

[दृश्य : आयर्विन पूल, सकाळ. खाली कृष्णा.]

१९२९ सालच्या या पुलावरून ताई आता रविवारी कॉलेजला जातात. दूरशिक्षणानं बी.ए., विषय मानसशास्त्र. २०२५ मध्ये या विषयाचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश बंद झाले, ताईंचा प्रवेश त्याआधीचा. फी, घरचं, परवानग्या, ते सगळं पार पडलं.

संपर्क सत्रात ताईंनी वही पुढं केली. शिकवणाऱ्या मॅडमनी ती वाचली आणि एकच विचारलं, "तुम्ही प्रश्न दोनदा का विचारलात?"

ताई थबकल्या. मोठ्या माणसानं ओळ मुद्दाम हलवली आणि तोच प्रश्न परत केला, की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हेच तपासलं होतं. त्यांनी ओळ खोडकर टेडीकडून, म्हणजे खेळण्यातल्या अस्वलाकडून, 'चुकून' विस्कटवली, तर चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मूल तेच, चिंचोके तेच, फक्त विचारण्याची रीत बदलली. आपल्याच प्रश्नावर शंका घ्यायला एकट्यानं वाचताना सुचत नाही. त्यासाठी समोर कुणीतरी लागतं, आणि कॉलेजनं ताईंना ते माणूस दिलं.

[दृश्य : पुन्हा अंगणवाडी. चिंध्यांची बाहुली.]

टेडी नव्हता. ताईंनी जुन्या लुगड्याची बाहुली शिवली. ही बघा, ओळीत लोळतीये. चिंचोके पांगले. मुलं हसतायत. "अगं बया! आता कुठल्या ओळीत जास्त?"

[इथे निवेदन नाही. मुलाचा चेहरा.]

निदान आणि उपचार हे वहीचं काम नव्हे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला नोंदणी लागते. ताईंना ते ठाऊक आहे. न बोलणाऱ्या एका मुलाला त्यांनी वेळेत डॉक्टरांकडं पाठवलं.

[दृश्य : वही, जवळून.]

त्या दिवसाच्या पानावर तारीख, वय, आणि खाली त्याच मुलाचं वाक्य.

"बावलीनं इस्कटलं. तेवढंच हाईत."

त्याखाली ताईंनी स्वतःसाठी लिहिलंय : उद्या पाणी. एक उंच पेला, एक पसरट वाटी. प्रश्न एकदाच.