कानाशी धरलेला उंदीर

(पडदा काळा. फक्त आवाज. बारीक, खरखरता, मध्येच अडखळणारा.)

हा आवाज नीट ऐका. दार करकरत नाहीये की खुर्ची कुरकुरत नाहीये. ही चिंगी आहे. वय सव्वादोन वर्षं, वजन २७४ ग्रॅम. पाळीव उंदराचं सगळं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, म्हणजे ही आजीबाईच. आणि तुम्ही ऐकलात तो तिचा श्वास.

(चिंगी दोन्ही तळव्यांत. कूस कानाला लावलेली.)

आमच्याकडे रोज सकाळी हा कार्यक्रम असतो. जुन्या फोनचा रिसीव्हर धरावा तशी चिंगी कानाशी धरायची. धडधाकट उंदराच्या छातीतून श्वासाचा आवाज जवळजवळ येतच नाही. चिंगीच्या छातीतून रोज काही ना काही येतं. एखाद्या दिवशी नुसती सूं सूं, एखाद्या दिवशी नळीतून बुडबुडे निघावेत तशी घरघर. ऐकून ऐकून आता मला दोन्हीतला फरक कळतो. शिंकांनी मी घाबरत नाही, घरघर वाढली की मात्र लगेच डॉक्टरांकडे.

पहिल्यांदा तिच्या नाकाशी लाल ठिपका दिसला तेव्हा मात्र हातपाय गळाले होते. वाटलं, रक्तच. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून हा तांबडा स्राव येतो. त्याचं नाव पॉर्फिरिन. उंदीर आजारी असला, ताणात असला किंवा अंग स्वच्छ करायचं त्राण उरलं नसलं, की तो डोळ्यांभोवती आणि नाकाशी साचतो. काय बिघडलंय ते त्यातून कळत नाही, पण बिघडलंय एवढं नक्की.

(सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र.)

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा एका जिवाणूत सापडतं. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस. पाळीव उंदरांपैकी जवळपास सगळ्यांच्या श्वासमार्गात तो असतो. पिल्लाला तो आईकडूनच मिळतो, कधी कधी तर जन्माआधी, गर्भातच. तरुणपणी गप्प बसतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की डोकं वर काढतो. श्वासनलिका सुजतात, कफ साठतो, हळूहळू झिजलेला फुप्फुसाचा भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणून चिंगीची सोबतीण ठमी हिला वेगळं ठेवायचा सल्ला मी मानला नाही. जे चिंगीकडे आहे ते ठमीकडेही आहेच. उंदीर एकटा पडला की खंगतो, ते नुकसान वरचं.

(पिंजरा. तळाशी कागदी बिछायत.)

आता जरा माझ्या चुकीबद्दल. सुरुवातीला मी पिंजऱ्यात पाइनच्या लाकडाचा भुसा घालत होतो. छान वास यायचा. मला छान यायचा! त्या वासातली द्रव्यं उंदराच्या श्वासनलिकेला जाचतात, आणि बारीक धूळ उडते ती वेगळीच. त्याहून वाईट म्हणजे मूत. ओल्या बिछायतीतले जिवाणू मुतातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि उंदराचं नाक त्या बिछायतीपासून जेमतेम बोटभर उंचीवर. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मायकोप्लाझ्मा असलेल्या उंदरांना दशलक्ष भागांत २५ ते २५० भाग अमोनिया असलेल्या हवेत ठेवलं होतं. २५ भागांनाही दुखणं वाढलंच. आपल्या नाकाला तर तो वास चार दिवसांत सवयीचा होतो. पिंजऱ्याला वास येत नाही, असं मालक म्हणतो तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्यावरही नाही. सगळ्या बाजूंनी जाळी असलेला पिंजरा, धूळ न उडणारी कागदी बिछायत आणि ओला कोपरा रोजच्या रोज साफ. निम्मं औषध इथेच आहे.

उरलेलं निम्मं सिरिंजमध्ये. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं नेमकी त्या भित्तिकेवर घाव घालतात. त्यामुळे ती इथे वाया जातात. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, अनेकदा एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या जोडीनं. जिवाणूचा नायनाट होत नाही, तो फक्त दबतो. नळ्या आवळल्या असतील तर त्या सैलावणारं औषध, सूज फार असेल तर स्टेरॉइड. डोस मात्र वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. एवढ्याशा जिवाला थेंबाचा हिशोब चुकवून चालत नाही. शिवाय म्हाताऱ्या उंदराची धाप हृदयाचीही असू शकते. मग औषधंच वेगळी. एक्स-रे त्यासाठी.

औषध पाजण्यातही गोम आहे. डॉक्सिसायक्लिन दुधातून देऊ नये, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. आणि लाडक्या खाऊत तर मुळीच लपवू नये. उंदराला ओकता येत नाही, म्हणून एखाद्या चवीनं एकदा त्रास झाला की तो ती चव कायमची लक्षात ठेवतो. मग औषधही जातं आणि खाऊही.

(झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. एका भोकातून नळी आत गेलेली, दुसरं भोक मोकळं.)

हे चिंगीचं वाफघर. वाफ म्हटलं तरी गरम काही नाही. नेब्युलायझर सलाइनचं बारीक धुकं करतो, ते थेट श्वासनलिकांत पोचतं आणि चिकट कफ सुटतो. दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी यंत्राच्या आवाजानं ती कोपऱ्यात घट्ट दबून बसली. आता आत जाते आणि तोंड धुवायला लागते.

(स्लो मोशन. बरगड्या वरखाली.)

निवांत पडलेला उंदीर मिनिटाला साधारण ७० ते ११५ श्वास घेतो. डोळ्यांनी मोजणं अवघड, म्हणून फोनवर स्लो मोशनमध्ये पंधरा सेकंद टिपायचे. गेल्या महिन्यात एका रात्री आकडा ३६ आला, म्हणजे मिनिटाला १४४. कुशी लोहाराच्या भात्यासारख्या चालल्या होत्या. तोंड मात्र मिटलेलं होतं, एवढाच धीर. उंदीर नाकानंच श्वास घेतो. त्यानं तोंड उघडून हवा ओढायला सुरुवात केली, तर तिथे सकाळची वाट पाहायची नसते. तशी वेळ आली आणि औषधं पुरी पडेनाशी झाली, तर तिला तडफडू द्यायचं नाही, हे मी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय. त्या रात्री सुचलं नसतं.

(डब्याचं झाकण उघडतं.)

मिशांवर थेंब घेऊन आजीबाई बाहेर. ठमी धावत येते, तिला खाली दाबते आणि कानामागून चाटायला घेते. चिंगी डोळे मिटते. मी फोन स्लो मोशनवर लावतो.

आज पंधरा सेकंदांत सव्वीस.