जहाजाचा फवारा, घराचं छप्पर: पॉल रुडॉल्फ

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं पॉल रुडॉल्फ या अमेरिकी वास्तुरचनाकाराबद्दल. जन्म १९१८ सालचा, केंटकी राज्यातल्या एल्कटन गावचा. वडील मेथडिस्ट पाद्री. अलाबामात पदवी झाली आणि पुढं हार्वर्डला नामवंत आधुनिक वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकत असतानाच युद्ध आलं. १९४३ ते १९४६ अशी तीन वर्षं रुडॉल्फ नौदलात अधिकारी होते, नेमणूक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन नेव्ही यार्डात, म्हणजे नौदलाच्या गोदीत. हाताखाली तोफा नव्हत्या, होते वेल्डर, रिव्हेटर म्हणजे पत्रे रिव्हेटांनी जोडणारे कामगार, आणि जहाजांची कामं.

गोदीत माणूस एक गोष्ट शिकतो, ती म्हणजे वजनाचा हिशोब. जहाजाचा पत्रा पातळ असतो, त्याला बळ देतात आतल्या फासळ्या. नळ, तारा, हवेचे मार्ग यांची जागा आधीच ठरलेली असते. आपल्याकडे स्लॅब पडल्यावर प्लंबर येतो आणि तुळईला छिन्नी लावतो, तसं तिथं चालत नाही. वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सहा महिने फिटर मंडळींत बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा प्रपंच, ती सांगतो. युद्ध संपलं आणि अमेरिकेकडं गरजेपेक्षा कितीतरी जास्त जहाजं उरली. मोडीत काढायची नाहीत, वापरायचीही नाहीत, नुसती नांगरून ठेवायची. मग खाऱ्या हवेत तोफा गंजणार. त्यावर उपाय होता ‘कोकून’, म्हणजे कोश, अशा नावाच्या व्हिनाइल प्लास्टिकचा फवारा.

त्याची रीत ऐका. आधी तोफेला गंजरोधक तेल-ग्रीस. मग टोकेरी भागांवर लाकडी सांगाडा आणि मोकळ्या जागांवर पट्ट्यांची जाळी, म्हणजे आवरण कुठं टोचून फाटू नये. पहिल्या फवाऱ्याचे बारीक तंतू होतात आणि फटी सांधत जातात. त्यावर हातावर हात देत जाड, सलग पापुद्रा तयार करायचा. शेवटी ऊन परतवायला ॲल्युमिनियमचा चंदेरी हात. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या, नाहीतर हवा कोरडी करणारं यंत्र. आतली सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास राखली की लोखंड गंजत नाही. आवरणाला एक छोटी खिडकी, तिच्यात दमटपणा दाखवणारा रंग: निळा असेल तर ठीक, गुलाबी झाला की पाणी शिरलं समजा. आणि बिघडतं ते सुईच्या भोकाएवढ्या छिद्रानं. पाणी आत जातं, बाहेर येत नाही. पुन्हा सांगतो, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. गच्चीवर दर मे महिन्यात रबराचा रंग फासणाऱ्या सोसायट्यांनी हे लक्षात ठेवावं.

नौदलातून सुटल्यावर रुडॉल्फनी हार्वर्डची पदवी पुरी केली आणि फ्लोरिडात सारासोटा इथं राल्फ ट्विचेल या वास्तुरचनाकाराबरोबर काम सुरू केलं. तिथं सिएस्टा की बेटावर, खाडीच्या काठी, हिली कुटुंबासाठी पाहुण्यांचं छोटं घर बांधायचं होतं, साडेसातशे चौरस फुटांच्या आसपास. हे घर १९५० साली उभं राहिलं. त्याच्या छपराला वर उंचवटा नाही. ते मधे खाली झोळ घेऊन लोंबतं. दोन बाजूंच्या तुळयांमध्ये पोलादी पट्ट्या टांगल्या, त्यांच्यावर लवचीक इन्सुलेशनचे तक्ते टाकले, आणि सगळ्यावर तोच जहाजांचा कोकून फवारला. घराला नावही ‘कोकून हाउस’ पडलं.

पट्ट्या लोंबतात म्हणजे त्या दोन्हीकडच्या तुळयांना आत ओढतात. कपड्यांची दोरी घट्ट ताणली की भिंतीतला खिळा उपटून येतो ना, तोच हिशोब. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट होते. म्हणून कडेच्या तुळया भक्कमपणे आवरून धराव्या लागतात. दुसरी भानगड वाऱ्याची. जड स्लॅब स्वतःच्या वजनानं बसून राहतो; असं हलकं छप्पर चक्रीवादळात वर उचललं जातं आणि फडफडतं. तिसरी पावसाची. सगळं पाणी मधे गोळा होणार, टोकांशी जाणार. तिथं पाला अडकला की तळं साचलं. आणि चौथी, सगळ्यात मोठी, उन्हाची. व्हिनाइल मऊ राहतं ते त्यातल्या मऊ करणाऱ्या द्रव्यामुळं. फ्लोरिडाच्या उन्हात ते हळूहळू निघून जातं, पापुद्रा कडक होतो, आणि खालचे तक्ते तापून-निवून हलतात तिथं तडकतो. नांगरलेल्या जहाजावर आवरण तपासणारी माणसं नेमलेली असतात. घरावर कोण चढून बघणार?

बरं, छपराची रुंदी किती? बावीस फूट. तेवढ्याला साधे लाकडी वासे पुरले असते. माझ्या मते हे छप्पर गरजेपोटी झालेलं नाही, हौसेपोटी झालंय. पण काय देखणी हौस! दोन्ही बाजूंना लाकडी झडपा, वाऱ्याला आरपार वाट, आणि घर अर्धं पाण्यावर तरंगल्यासारखं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ते युद्धोत्तर वास्तुकलेच्या प्रदर्शनात मांडलं.

सारासोटातल्याच १९५३ च्या ‘अम्ब्रेला हाउस’ या घरावर रुडॉल्फनी लाकडी पट्ट्यांचं मोठं छत धरलं. त्यात वापरल्या टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या काठ्या. स्वस्त, हलक्या, सहज बदलता येणाऱ्या. चक्रीवादळानं पुढं ते छत मोडलं. नंतर पुन्हा उभारलं गेलं.

१९५८ ते १९६५ या काळात रुडॉल्फ येल विद्यापीठात वास्तुकला विभागाचे प्रमुख. पुढं नामवंत झालेले ब्रिटिश वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर आणि रिचर्ड रॉजर्स हे तिथले विद्यार्थी. १९६३ साली रुडॉल्फनी त्याच विभागाची इमारत बांधली. काँक्रीटमध्ये उभ्या कडा ओतायच्या आणि त्या हातोड्यानं फोडून आतली खडी उघडी करायची. दिसायला झकास, हात घासला तर सालटं निघतं. १९६९ साली तिथं मोठी आग लागली. २००८ साली नीट दुरुस्त झाल्यावर इमारतीला रुडॉल्फ यांचं नाव मिळालं.

अमेरिकेत त्यांची कामं आटली, तसे ते आशियाकडं वळले. हाँगकाँगचे लिप्पो सेंटरचे दोन मनोरे १९८८ चे, सिंगापूरचं ‘कॉलोनेड’ हे राहण्याच्या घरांचं संकुल त्याच सुमाराचं. सिंगापूरला फिरायला जाणाऱ्या मंडळींनी मॉलमधून तासभर सवड काढून ग्रेंज रोडवर ते बघावं: बाहेर काढलेली मजल्यांची टोकं एकमेकांवर सावली धरतात, आणि पाऊस असतानाही गॅलरीत बसता येतं. रुडॉल्फ १९९७ साली ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला वारले. नमस्कार.