तपासणीचा देखावा

(दृश्य : मोठ्या पडद्यावर कोड, समोर बसलेले चौघे प्रोग्रामर हसत आहेत.)

पडद्यावर दिसणारे हे फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, फॉर्ममध्ये भरलेले वय तपासण्यासाठी लिहिलेले आहे. ते आलेल्या मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करते, मग तो मजकूर दोन अक्षरांपेक्षा लांब नाही ना एवढेच पाहते, आणि रूपांतर करताना काही बिघडलेच तर ती चूक मुकाट्याने गिळून 'ट्रू', म्हणजे 'योग्य आहे', असे उत्तर परत करते. त्यामुळे शंभरी गाठलेल्या माणसाला येथे नकार मिळतो, उणे पाच वर्षांचे बाळ विनातक्रार चालते, आणि वयाच्या रकान्यात 'सांगणार नाही' असे लिहिणाऱ्याला तर सन्मानाने आत घेतले जाते. हशा पिकला आहे तो या शेवटच्या शक्यतेवर. फंक्शनच्या वर 'तात्पुरते' अशी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठीची टीप, आहे.

(दृश्य : भिंतीवर चिकटवलेला लांबलचक प्रिंटआउट, कॅमेरा वरून खाली सरकतो.)

भिंतीवरचा हा कागद म्हणजे एकच रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरावीक साच्यात बसतो का हे पाहणारे सूत्र, आहे. ई-मेलचा पत्ता १९८२ च्या 'आरएफसी ८२२' या मानकाबरहुकूम तपासायचाच, अशा हट्टाने पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेतील एका मॉड्यूलसाठी (तयार कोडच्या संचासाठी) ते तयार करण्यात आले आणि त्याची लांबी सहा हजार अक्षरांहून अधिक भरली. कंस, तिरप्या रेषा, पुन्हा कंस. वाचण्याचा प्रयत्न करणाऱ्याची नजर तिसऱ्या ओळीतच हरवते. एवढा खटाटोप करूनही, मानकाने पत्त्यात मुभा दिलेले कंसातील शेरे त्याला पेलत नाहीत. ते आधीच काढून टाकावे लागतात. दुसऱ्या टोकाला आहे तो बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेला आखूड नियम : शेवटच्या टिंबानंतर दोन ते चार अक्षरे असावीत. इंग्रजीत सहा अक्षरांचे असलेले 'डॉट म्यूझियम' हे डोमेन २००१ पासून अस्तित्वात आहे, तरी हा नियम त्यानंतरही वर्षानुवर्षे कोडमधून कोडमध्ये चिकटवला जात राहिला. पत्त्यातील अधिकचे चिन्ह पूर्णपणे वैध असूनही ते नाकारणारे फॉर्म तर आजही जागोजागी भेटतात. खरे तर 'ॲट' चिन्ह आहे ना हे पाहावे आणि त्या पत्त्यावर खातरजमेची मेल पाठवून द्यावी; पत्ता खरा आहे की नाही, हे त्याशिवाय कळत नाही, कोणत्याच रेजेक्सने नाही.

(दृश्य : ब्राउझरमधील खरेदीचा फॉर्म, बाजूला डेव्हलपर टूल्सची खिडकी.)

आता कर्सरकडे लक्ष द्यावे. नगांच्या रकान्यात 'किमान १' अशी अट आहे आणि उणे आकडा टाकताच लाल अक्षरांत सूचना येते. चौघांपैकी एक जण डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानाचा कोड पाहण्याची व बदलण्याची ब्राउझरमधील सोय, उघडतो, अटीचा तो शब्द तेथल्या तेथे खोडतो, रकान्यात उणे तीन लिहितो आणि फॉर्म पाठवून देतो. सर्व्हर तो निमूटपणे स्वीकारतो व एकूण रक्कम शून्याच्या खाली जाते, म्हणजे आता दुकानच ग्राहकाचे देणे लागते. ब्राउझरमधील तपासणी ही वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. राखण सर्व्हरनेच करायची असते, आणि येथे तर सर्व्हरवर तपासणीची एकही ओळ नाही. याच फॉर्ममध्ये ओ'ब्रायन या आडनावातील चिन्हाला मात्र सक्त मनाई आहे, कारण कोणीतरी एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे रकान्यात भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याच्या हल्ल्याची, धास्ती घेतली होती. त्या हल्ल्यावरचा उपाय म्हणजे आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळ्या पाठवणे. माणसाचे आडनाव बदलणे नव्हे.

(दृश्य : ॲनिमेशन; रिकाम्या चौकटींच्या लांब रांगेवरून पुन्हा पुन्हा धावणारा बाण.)

२० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे लाडके संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, तेही मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या एका साध्या रेजेक्समुळे. एका नोंदीतील एकाच ओळीत सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या होत्या, आणि त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. बाण पहिल्या जागेपासून निघतो, वीस हजार चौकटी ओलांडतो, पुढे अक्षर दिसताच माघारी फिरतो, दुसऱ्या जागेपासून निघतो, पुन्हा तेथेच आपटतो, आणि असे करता करता तपासण्यांची संख्या २० कोटींच्या आसपास पोहोचते. ती नोंद मुखपृष्ठावरील यादीत होती आणि सर्व्हर जिवंत आहे की नाही हे मुखपृष्ठ उघडूनच पाहिले जात असल्याने, एकेक सर्व्हर मृत ठरवून बाजूला काढला गेला.

तपासणी मुळातच राहून गेली तर काय होते, हे एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या त्रुटीत दिसले : इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरने समोरच्याने सांगितलेली मजकुराची लांबी पडताळलीच नव्हती, आणि दर विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर बाहेर जात होता.

(दृश्य : पुन्हा पहिलाच पडदा, कोडच्या ओळी खोडल्या जात आहेत.)

हशा आता ओसरला आहे. 'तात्पुरते' ही कॉमेंट सर्वांत आधी गेली, गिळलेली चूक बाहेर आली, आणि वयाची तपासणी सर्व्हरवर चार ओळींत उतरली. शेजारच्या फाइलमध्ये चाचण्या लिहिल्या जात आहेत : शून्य, उणे पाच, एकशे एक, 'सांगणार नाही', आणि शेवटी वीस हजार मोकळ्या जागा.