तळ्यात-मळ्यात

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अंध प्रवासी आणि दिशादर्शक तंत्रज्ञान'. मी आयोजकांना सांगितलं होतं, मला मनगटाबद्दल बोलायचंय. ते म्हणाले, मनगटाला गर्दी होत नाही. असो. तंत्रज्ञानाला शेवटची वीस मिनिटं राखून ठेवलीत. आधी मनगट.

माझं मनगट लहानपणापासून दुसऱ्याच्या ताब्यात. गावच्या जत्रेत ते आत्या धरायची, बांगड्या रुतेपर्यंत घट्ट. जत्रा म्हणजे मला आत्याच्या बांगड्या आणि मधूनच येणारा भज्यांचा वास. पाळण्याची करकर ऐकू आली की मी पाय रोवून उभा राहायचो. आत्या म्हणायची, "चल रे, तुला काय दिसणारे तिथे?" खरंच होतं ते. पण पाळणा खाली येताना गोळा पोटात येतो, डोळ्यांत नाही, हे आत्याला कोण सांगणार?

पुढे बँकेत २९ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. तिथेही रोज कोणीतरी मनगट धरून मला जिन्यापर्यंत पोचवायचं. माझा जिना, माझी बँक, आणि पोचवणारा कालच रुजू झालेला! आता इथे डोळस मंडळी बरीच आहेत म्हणून सांगून ठेवतो. तुम्ही आमचं मनगट धरायचं नसतं, आम्ही तुमचं कोपर धरायचं असतं. कोपर धरलं की तुम्ही पायरी चढलात, वळलात, थबकलात, सगळं आम्हाला आपोआप कळतं. मनगट धरलंत की आम्ही पिशवी होतो.

तर निवृत्तीनंतर भाचीने अमेरिकेत, ऑर्लँडोला बोलावलं. मी अट घातली, डिस्नेच्या एपकॉटमध्ये एक दुपार मी एकटा फिरणार. "मामा, मी येते ना बरोबर." म्हटलं, "तू कॉफी पी."

एपकॉटच का? १९८२ साली उघडलेल्या या पार्कच्या मागच्या भागात मोठं तळं आहे आणि काठाने ११ देशांचे देखावे मांडलेत. पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटर. मेक्सिकोकडून निघालात की तळं कायम उजव्या हाताला राहतं. म्हणजे रीतसर प्रदक्षिणा! आंधळ्याने एकट्याने सुरुवात करायला याहून सोयीची जागा नाही.

हातात पांढरी काठी. खिशात बोलका फोन, उपग्रहांवरून मी कुठे आहे ते सांगणारा. कानाच्या पुढे, हाडावर बसणारे इयरफोन, म्हणजे कान उघडेच. आणि पार्ककडून अनामत भरून घेतलेलं एक छोटं यंत्र. २०१० पासून ते देतात. पाळण्या-होड्यांत बसलात की समोर काय चाललंय त्याचं वर्णन कानात येतं.

मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये शिरलो आणि फोन गप्प. छपराखाली उपग्रह कुठले! पण आत कायमची संध्याकाळ करून ठेवली आहे, मंद दिव्यांचा बाजार. बाहेरच्या उन्हातून आलेली डोळस माणसं दारातच चाचपडत होती, आणि मी काठी टकटकवत त्यांच्यामधून झपाझप पुढे. (हशा) आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी "सावकाश" म्हटलं.

नॉर्वे गेलं, चीन गेलं. जर्मनी मला फोनच्या आधी नाकाने सांगितली, तिथे कॅरॅमलचं दुकान आहे. थोडं पुढे गेलो तर फोनच्या हिशेबाने मी पाण्यात! काठी म्हणते जमीन. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळलात ना? तेच. फोन म्हणतो तळ्यात, काठी म्हणते मळ्यात. थांबलो. थांबलो म्हणून एक आवाज ऐकू आला, खालून, गुडघ्याच्याही खालून. बारीक खडखड, जवळ येते, लांब जाते, पुन्हा येते. शेजारी एक पोरगं होतं, त्याला विचारलं. म्हणालं, ट्रेन! कुंपणापलीकडे चिमुकलं गाव मांडलंय आणि त्यातून हातभर लांबीची आगगाडी फिरते. ना फोनने सांगितलं, ना मी शोधायला गेलो होतो. मी चुकलो म्हणून मला ती सापडली. तिच्या किती फेऱ्या होतात ते मोजत उभा राहिलो, नवव्या फेरीला मनगटावर हात पडला.

"अहो काका, इकडे कुठे?"

मराठी! सातासमुद्रापार! त्या सद्‌गृहस्थांनी एक शब्द न विचारता मला ओढत नेलं आणि थेट स्वच्छतागृहाच्या दारात उभं केलं. आंधळा माणूस उभा दिसला की त्याला एक तर रस्ता ओलांडायचा असतो नाहीतर तिकडे जायचं असतं, असं जगाचं ठरलेलं आहे. माझ्या नऊ फेऱ्या वाया. बरं, माणूस भला, दारात वाट बघत थांबला. मला नाइलाजाने आत जाऊन यावं लागलं.

हे काय? अध्यक्षांनी मला चिठ्ठी दिली आहे. (हशा) साहेब, वाचूनही तुम्हीच दाखवा. सहा मिनिटं? बरं, पळतो.

तंत्रज्ञान. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, शंभर मीटरपर्यंतची. ती बंद झाली. आज मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो, इमारतीजवळ आणखी चुकतो. काठी सांगते फक्त पुढच्या पावलाचं. मधल्या चार-पाच मीटरांत मी, माझे कान आणि ते पोरगं. तळ्यात-मळ्यात होतं ते यामुळे.

दुसरं. 'उजवीकडे वळा' सांगणारं ॲप म्हणजे आत्याच आहे. पार्कमध्ये मला पोचायचं नसतं, भटकायचं असतं. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साउंडस्केप आणलं. ते वळायला सांगत नसे. ठरवलेल्या जागेचा नाद त्या दिशेने कानात येई आणि वाटेत काय काय आहे ते कळे, जायचं कसं ते तुमचं तुम्ही. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं, पण कोड खुला केला म्हणून इतरांनी पुढे चालवलं. बी माय आइज हे ॲप २०१५ पासून आहे, कॅमेऱ्यातून स्वयंसेवक बघतो आणि सांगतो. विचारल्यावर सांगतो, हे महत्त्वाचं.

तिसरं, आणि हेच खरं बोलायचं होतं. साउंडस्केपला माहिती कुठून मिळायची? ओपनस्ट्रीटमॅपवरून. २००४ पासून लोकांनी हाताने भरलेला नकाशा. कोणी बाक टिपला तर मला बाक कळणार, नाही टिपला तर तिथे काहीच नाही. आपल्या पुण्याच्या पेशवे उद्यानात फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, १९५६ पासून धावते आहे. तिची तिकीटखिडकी, चढायची बाजू, पाण्याचा नळ हे नकाशावर आहे का, घरी गेल्यावर बघा. नसेल तर भरायला फोन पुरतो.

मी रविवारी सकाळी आठला तिथल्या फाटकाशी उभा असेन. दोघं-तिघं आलात तर बागेची एक फेरी मारून टिपून टाकू. कोपर मी धरीन.

वेळ संपली? बरं. माझी काठी कोणी हलवली इथून?