चोर देवघरात सापडला

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने हौसेने पोर्टेबल शॉर्टवेव्ह रेडिओ घेतला आणि चौथ्या दिवशी माझ्यापुढे आणून ठेवला. ‘मामा, पीस खराब निघाला. नुसती खरखर.’ लावलास कुठे आणि कधी, असं विचारलं, तर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, भर दुपारी दोन वाजता आणि तेही ४९ मीटरच्या पट्ट्यावर! (शॉर्टवेव्हचे पट्टे लहरींच्या लांबीवरून, मीटरमध्ये ओळखतात.) आता यात बिचाऱ्या रेडिओचा काय दोष?

शॉर्टवेव्हच्या लहरी दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरांमधून, वळून खाली येतात, म्हणून हजारो किलोमीटरवरचं स्टेशन आपल्याला लागतं. पण दिवसा उन्हामुळे त्याच्याही खाली एक थर तयार होतो आणि तो कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. आणि मीटर जितके जास्त, तितकी फ्रीक्वेन्सी कमी. म्हणून दुपारी १९ किंवा १६ मीटर बघा, दिवेलागणीला २५ आणि ३१, आणि रात्र चढली की ४१ आणि ४९. डिजिटल सेटवर मीटरऐवजी किलोहर्ट्झ दिसतात. तिथे ३१ मीटर म्हणजे साधारण ९४०० ते ९९००, आणि ४९ मीटर म्हणजे ५९०० ते ६२००. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज ऐकण्यासाठी घरं कान टवकारून बसायची, ती वेळ रात्रीची होती हे काही वाईट नव्हतं!

वेळापत्रकं मात्र जागतिक वेळेत असतात. आपण साडेपाच तास मिळवायचे: १४०० लिहिलं असेल तर आपले संध्याकाळचे साडेसात. शिवाय मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बरीच स्टेशनं फ्रीक्वेन्सी बदलतात. काल लागलेलं आज गायब झालं, तर आधी तारीख बघा.

आता जागा. सिमेंटच्या स्लॅबमधल्या सळ्या लहरी अडवतात, म्हणून खिडकी गाठा, गच्ची असेल तर उत्तमच. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी लोक भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी आडवी ताणायचे, आठवतंय ना? तेच आज पाच-सहा मीटर साध्या विजेच्या वायरने होतं. एक टोक सोलून रेडिओच्या अँटेनाच्या दांडीला चिमट्याने लावायचं, दुसरं खिडकीबाहेर सोडायचं. विजेच्या तारांपासून मात्र लांब. पंचवीस-तीस मीटर वायर जोडायचा मोह आवरा. छोट्या सेटला तेवढा मारा सोसत नाही, आणि भलत्याच जागी भलतंच स्टेशन बोलू लागतं. वळवाचे ढग दिसले की वायर लगेच काढा.

मीडियम वेव्हला ही वायर फारशी कामाची नाही. तिथे अँटेना म्हणजे सेटच्या पोटातली फेराइटची कांडी, त्यामुळे रेडिओच फिरवून बघावा लागतो. आणि परदेशी सेट दहा-दहा किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी पुढे सरकत असेल, तर तो नऊच्या टप्प्यांवर आणा. आपल्याकडची स्टेशनं नऊच्या पाढ्यात बसतात. मुंबईचं ५५८ घ्या, नऊ बासष्टे ५५८. दहाच्या टप्प्याने जाल तर ५५० वरून थेट ५६०!

एवढं करूनही भाच्याची खरखर थांबेना. मग मी माझा हुकमी उपाय काढला. रेडिओ सेलवर चालू ठेवायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. केला मात्र, खरखर थांबली आणि ३१ मीटरवर एक बाई स्वच्छ आवाजात बातम्या वाचू लागल्या. म्हणजे आवाज घरातलाच होता! मेन स्विच पुन्हा चालू करून आम्ही एकेक वस्तू काढत गेलो. मोबाइलचा चार्जर निघाला, थोडा फरक. राउटर, काही नाही. टीव्हीचा बॉक्स, जरा जास्त. शेवटी खरा चोर देवघरात सापडला: देव्हाऱ्याभोवतीची एलईडी दिव्यांची माळ. तिच्या अडॅप्टरशी रेडिओ नेला की अगदी करवत चालल्यासारखा आवाज.

माळ काढायला ताईने साफ नकार दिला. त्यामुळे भाच्याचं ऐकणं आता रात्री साडेनऊनंतर सुरू होतं, ताई देवाला नमस्कार करून माळेचं बटण बंद करते तेव्हा.